जस्ताला रंग लावू नये

अमावस्येच्या उधाणाला बार्ज वर चढवली,
पौर्णिमेच्या उधाणाला खाली सोडायची.
मधे पंधरा दिवस
दारूखान्याच्या गाळात ती उघड्या पोटानं उभी.
शेजारी कोणी एक जहाज कापत होतं,
त्याच्या ठिणग्या आमच्या पत्र्यापर्यंत येत.

पाण्याची बार्ज. नाव जलदुर्गा.
बाहेर नांगरलेल्या जहाजांना गोडं पाणी पोचवायची
आणि स्वतः खाऱ्यात भिजत राहायची.

मी एकोणीस वर्षांचा, हातात ब्रश.
शेवटच्या दिवशी इस्माईल पावसकर म्हणाले, तळ रंगव,
आणि गिअरबॉक्सच्या मागे लागले.
मी तळ रंगवला.
सुकाणूपाशी, पंख्याच्या आजूबाजूला
वेल्ड केलेल्या करड्या विटा होत्या,
ओबडधोबड, मोरीतल्या साबणासारख्या.
त्याही रंगवल्या.
दोन हात. कडासुद्धा सोडल्या नाहीत.
शाळेत चित्रकलेला मला बक्षीस होतं.

भरती रात्री साडेबाराला.
टॉर्चच्या उजेडात बार्ज सुटली,
कोणी वाकून पाहिलं नाही.

वर्षानं ती परत आली.
रंग खरवडला तर आत जस्त कोरं करकरीत,
एक कोपरा झिजलेला नाही.
मला वाटलं, शाबासकी मिळणार.
पावसकरांनी माझं बोट धरलं
आणि पंख्याजवळच्या पत्र्यावर टेकवलं.
बोट आत गेलं.
मग दुसरा खड्डा. तिसरा.
मोज, म्हणाले.
एकेचाळीसपर्यंत मोजले.
बेचाळिसाव्यावर त्यांनी हातोडीनं टक् केलं
आणि पलीकडून उजेड आला.

आवाज चढवला नाही त्यांनी.
चहाच्या ग्लासात समुद्र घेतला,
एक पितळी स्क्रू, एक खिळा,
मीटरच्या दोन सुया.
काटा हलला.

"धातूंची उतरंड असते.
ब्राँझचा पंखा वर, लोखंड खाली,
जस्त त्याच्याही खाली.
कोरड्यात सगळे गुण्यागोविंदानं राहतात.
खारं पाणी मधे आलं
की जो सगळ्यांत खाली, तो झिजतो.
तू जस्त झाकलंस,
मग खाली कोण उरलं?"

मी म्हणालो, म्हणजे जस्त बलिदान देतं.

ते हसले. "बलिदान कसलं रे?
त्याला कोणी विचारलंय?
आपण त्याला तिथं डकवतो
आणि आपला पत्रा वाचवतो.
निदान त्याच्या तोंडाला रंग तरी फासू नको."

यावर मला काही बोलता आलं नाही.
अजूनही येत नाही.

बाकीचं त्यांनी कामात शिकवलं, एकेक, शिव्यांसकट:
स्टेनलेसचा बोल्ट नायलॉनच्या वॉशरशिवाय घालायचा नाही,
धक्क्यावरची वीज रात्री तोडून झोपायचं,
जस्त लावायच्या आधी पत्रा घासून चकचकीत,
नाहीतर नुसतं लोंबकळतं, कामाला येत नाही.

आता मी काठावरून चांदीचा इलेक्ट्रोड पाण्यात सोडतो.
मीटर उणे नऊशे म्हणाला की पाठ टेकतो.
उणे सहाशे म्हणाला
की जुनं बोट आपोआप आत जातं.

पावसकर आता पावसला असतात. ऐकू कमी येतं.
मे महिन्यात फोन करतात, ओरडूनच:
"अर्धं गेलं का?"
गेलं, मी ओरडतो.
"मग झालं." फोन बंद.

यंदा बारा विटा लावल्या होत्या, आठ-आठ किलोच्या.
काढल्या तेव्हा एकेक साडेतीन भरली,
भोकाभोकांची, हातात घेतली तर चुरा सांडणारी.
भंगारवाला मन्सुरी म्हणाला,
शेट, वजन लई कमी आहे.
बरोबर आहे, मी म्हणालो.
त्यानं काटा पुन्हा शून्यावर आणला,
पुन्हा तोललं,
आणि माझ्याकडे संशयानं बघत
नोटा मोजायला लागला.