अंजनीची रोपं

मुळशीत, शेवटच्या एसटीच्याही पुढं, देवराईत
अंजनीच्या खोडाला मी टेप लावते.
एकशे बारा सेंटिमीटर.
दुसरं टोक धरून ठकूबाई मरगळे.
तिनं वहाणा कधीच बाहेर काढल्यात.
माझे बूट एकदम जड होतात.

"गारंबीला कुठनं कुठवर मोजशील?"
खरंच. वेल हिरड्यावरून जांभळीवर,
जांभळीवरून धुक्यात.
वहीत एक रेघ ओढते. खोडते.

पलीकडं उघड्यावरच्या देवाला आता स्लॅब,
गुळगुळीत फरशी, स्टीलचं रेलिंग,
त्यावर पुण्यातल्या कुणा देणगीदाराचं नाव.
पाच झाडं गेली त्यापायी.
"कौल लावला नव्हता?"
"लावला की. फूल डावं पडलं.
मग दुसऱ्यांदा लावला.
मग तिसऱ्यांदा."
ती हसत नाही. मीही नाही.
वर शेकरू काहीतरी कुरतडतंय,
सालपटं आमच्या खांद्यांवर.

खाली बसून सुतळीची चौकट मांडते,
मीटरभर लांब, मीटरभर रुंद.
कुजका पाला बाजूला सारत
दोन-दोन पानांची रोपं मोजते,
बोटं काळी होईस्तोवर.
सतरा, मी लिहिते.

"अठरा," ठकूबाई म्हणते.

मी बूट उचलते.