ताप चढल्यावर

गाडी बंद पडते, पण रोज नाही.
रोज पडली असती तर बरं होतं,
सत्त्याण्णवची एस्टीम, वजनावर दिली असती.

पडते ती एखाद्या मंगळवारी,
माजिवड्याला पुलाखाली डावीकडे वळताना.
डॅशबोर्डचे सगळे दिवे एकदम,
मग एकही नाही.
मागून टेम्पोवाला: बाई, क्लच सोडला काय?
सोडला नव्हता.
दहा मिनिटांनी किल्ली फिरवावी तर लगेच सुरू,
पाहुण्यांपुढे मांडी घालून बसलेल्या
कारट्यासारखी.

शोरूममध्ये म्हणाले, हिला कॉम्प्युटर लागत नाही मॅडम,
हिच्यात विचारायला कुणी नाही.
विद्याधर म्हणाला, माझ्या हातात कशी पडत नाही?
तो चालवतो रविवारी सकाळी,
पेपर आणायला, सरळ रस्त्याने.

वागळे इस्टेटमध्ये, बंद बल्ब-कारखान्याच्या मागे
इग्नेस किणी बसतो.
त्याने बॉनेट उघडलंच नाही.
चाळीसपानी वही दिली, पेन माझं मलाच शोधायला लावलं.
लिही, म्हणाला. पडली नाही तेही लिही.

मंगळवार. साडेसात. माजिवडा. पंखा सुरू होता. डावीकडे.
शुक्रवार. काही नाही.
शनिवार. काही नाही, पण हेडलाइट एकदा शहारला.
सोमवार. कापूरबावडी. काटा अर्ध्याच्या वर. डावीकडे.
बुधवार. कुठेच गेले नाही.

पाच आठवड्यांनी त्याने वही वाचली
बोट ठेवून, ओळ न गाळता.
माझं लिहिलेलं असं कुणी वाचलं नव्हतं,
बावीस वर्षं मी लॅबमध्ये रिपोर्ट लिहिते तरी.
मग म्हणाला, थंड गाडी दाखवून काय उपयोग, हिला ताप आणूया.

हे मला कळलं. मलेरियाचं रक्त
हुडहुडी भरलेली असतानाच घ्यावं,
ताप उतरल्यावर आलेला माणूस काचपट्टीवर
पुष्कळदा निरोगी असतो.
घरी जातो. रात्री पुन्हा थरथरतो.
घरचे म्हणतात, रिपोर्ट तर चांगला आहे.

रेडिएटरपुढे त्याने फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा लावला.
काटा चढला. पंखा घरघरला.
मीटरचा एक पाय बॅटरीच्या निगेटिव्हवर, एक बॉडीवर.
तौसिफ, इंजिन ढकल. उजवीकडे. अजून.
शून्य पूर्णांक दोन.
शून्य पूर्णांक नऊ.
तौसिफने दात-ओठ खाल्ले.
चार. साडेसात. आणि गाडी गेली,
सगळ्यांसमोर, भर दुपारी,
आणि मी टाळी वाजवली.

बॅटरीखालचा ट्रे काढला. त्याखाली एक बोल्ट,
त्याला वेणी घातलेली तांब्याची पट्टी,
आणि मध्ये निळा रंग.
दोन वर्षांपूर्वी बाळकुमला डेंट काढला तेव्हाचा,
रंगाऱ्याने बोल्टसकट फवारलेला, छान, चकचकीत.
रंगाखाली गंज, गंजाखाली पत्रा.
अर्थ कच्चा आहे, इग्नेस म्हणाला,
त्याला यात वेगळं काही ऐकू आलं नाही.
कानस, नवी पट्टी, दातेरी वॉशर, वर बोटभर व्हॅसलीन.
साडेतीनशे. तौसिफचे वीस वेगळे.

संध्याकाळी मी माजिवड्याला डावीकडे वळले.
पुढून फिरून आले, पुन्हा वळले.
तिसऱ्यांदा हवालदाराने पाहिलं.
बॅटरी काढल्यामुळे गाडीतलं घड्याळ
बारा वाजून शून्य मिनिटांवर लुकलुकत होतं.

काय निघालं? विद्याधरने विचारलं.
रंग, मी म्हटलं.
आपण दिलेला.
त्याला वाटलं मी विषय टाळतेय.

वहीत पंचवीस पानं कोरी आहेत.
गुरुवार. काही नाही.
शुक्रवार. काही नाही. घड्याळ लावायचं राहिलंय.