सौम्य

माझ्याकडे चेहरे येत नाहीत.
येतात काचा, मेणात बुडवलेले कपटे
आणि लाम्प्टेच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी:
काफुई. वय चौतीस. गाव केटा. मिठागरात काम.
खालचा जबडा, डावी बाजू.

एक्स-रेत साबणाचा फेस.
तीन वर्षांपूर्वी कुणीतरी तो खरवडला होता,
दोन दाढा काढून, पोकळी पुसून तिला घरी पाठवलं होतं.
फेस परत आला, दुप्पट जागा मागत.

भिंगाखाली बेटंच बेटं.
काठाला उंच पेशी, प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या,
केंद्रकं मात्र काठाकडे पाठ करून.
दात घडवायला निघाल्या होत्या या कधीकाळी.
वाटेत काम विसरल्या,
वाढणं विसरल्या नाहीत.

लिहिलं: अमेलोब्लास्टोमा. सौम्य.
आणि त्या शब्दाशी अडलो, दर वेळी अडतो.
सौम्य म्हणजे सहसा फुफ्फुसात शिरत नाही,
गाव सोडून हिंडत नाही.
सौम्य म्हणजे घरातच राहते
आणि घर खाते.
खाली एक ओळ जोडली: खरवडू नये.
कडेचं निरोगी हाडही घ्यावं, दीड सेंटिमीटर.

किती सहज लिहून गेलो तो दीड सेंटिमीटर.

अकरा तास चाललं म्हणे.
पोटरीतलं बारीक हाड काढलं, ज्याच्यावाचून माणसाचं अडत नाही,
दोन जागी कापून वळवलं,
टायटॅनियमच्या पट्टीवर नवा जबडा बसवला.
माझ्यापर्यंत आला तो फक्त जुना.
कडा सगळ्या मोकळ्या. सही केली.

फेब्रुवारीत, अक्रावर हरमॅटनची धूळ असताना,
दारात एक बाई. किंचित लंगडत.
रुमाल हातात, तोंडावर नाही.
"माझं आहे का अजून इथे?"
अठरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

लाम्प्टेनं कपाटातून काच शोधली.
ती वाकून राहिली, खूप वेळ.
मला वाटलं, रडेल.
म्हणाली, "खाडी आटली की मीठ असंच धरतं, काठाकाठानं.
यांना रांगेत कुणी लावलं?"
मला उत्तर आलं नाही.

व्हरांड्यात तिनं केंकी काढली, मक्याची सालं सोडली,
एक लाम्प्टेला, एक मला,
आणि स्वतः उजव्या बाजूनं हळूहळू चावत
मिठाचा पडलेला भाव, जावेच्या कुरापती,
ट्रोट्रोवाल्यानं सुट्ट्या पैशांवरून घातलेला वाद,
एकातून एक.
तोंड नुसतं चालत होतं.

चालणारच.
पायाचं हाड ते.