पाणी कमी आहे, मॅडम

मे संपत आला की हॉटेलांचे रेट उतरतात,
हे मला पतपेढीतल्या शुभदाने सांगितलं.
म्हणून एकोणतीस, तीस, एकतीस.
कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी
मी पेन्सिलने गोल केला.
पेनने ठरवलेलं आमच्या घरात काही होत नाही.

हरेश्वर पंख्याखाली, बनियनवर, पुढ्यात जवळा-भाकरी.
"चेंदणीच्या माणसाने महाबळेश्वरला जाऊन पेडल मारायचं?
आज्याच्या दोन होड्या होत्या खाडीत."
होत्या.
आता खाडीत काय आहे
ते वारा फिरला की खिडकीच सांगते.
"आणि तळंच बघायचं तर ठाण्यात काय कमी आहेत?
मासुंद्याला एक चक्कर मार,
आइस्क्रीम खा, रात्री आपल्या गादीवर झोप."

बोलत होता, आणि जेवण झाल्यावर
स्टूल लावून माळ्यावरून बॅग काढत होता.
हे त्याचं असंच.
बॅगेबरोबर फुटका कुकर आला, छत्रीच्या काड्या,
ऋजुताचा सहावीतला स्वेटर.
ऋजुता म्हणाली, तुम्ही दोघं जा, मला क्लास आहे.
इतक्या चटकन म्हणाली की मी जरा दुखावले.

पसरणीच्या घाटासाठी उलटीच्या गोळ्या.
वंदनाच्या डेपोतून सकाळची गाडी.
सुकट न्यायची नाही.
"तव्यावर भाजून देतील की."
"हॉटेल आहे ते."
"विचारून तर बघ."

मी फोन केला तो गरम पाणी किती ते किती, हे विचारायला,
आणि खोलीतून तळं दिसतं का.
पलीकडे विशीतला आवाज.
दिसतं मॅडम. पण खरं सांगू का,
पाणी कमी आहे. यंदा फारच खाली गेलंय.
बोटी काठाला बांधून ठेवल्यात.
घोडे चालू आहेत.

हरेश्वरला सांगितलं.
"किती खाली?"
"कडेचा तळ उघडा पडलाय म्हणे. चिखल, भेगा."
तो काही बोलला नाही.
मीही नाही.

एकवीस वर्षं झाली.
लग्नाचा आठवा दिवस, हंसाच्या तोंडाची बोट,
मी ओंजळभर पाणी घ्यायला वाकले
आणि डाव्या कानातली मोत्याची कुडी गेली.
आवाजसुद्धा झाला नाही.
हा शर्ट काढून बोटीत उभा,
काठावरून बोटवाल्याच्या शिट्ट्या,
बोट कलंडतेय, आणि मी याचा पट्टा दोन्ही हातांनी धरून
रडतेय की हसतेय ते मलाच कळत नव्हतं.
घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या,
पाण्याने घेतलं ते पाण्याचं. नारळ दिला समज.

उजवी मोडली नाही मी.
फोटोच्या रिळाच्या काळ्या डबीत, कापसात,
पॉलिसीच्या कागदांमागे आहे.
एक कुडी घालता येत नाही, देताही येत नाही कुणाला.

तो उठला. टॉर्च शोधला. सेल बदलले.
"तळ्यावर दिवसाच जाणार ना आपण?"
"असू दे."
मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन,
माझ्याकडे न बघता:
"चाळण घे. पिठाची नको. रव्याची."

एकवीस पावसाळ्यांचा गाळ आहे त्यावर.
घोड्यांची लीद, कणसांची बुरखंडं,
आणखी कितीजणींचं काय काय.
"मिळणार नाही हां," मी म्हटलं.
"माहितीये."
आणि जुन्या चपलांचे दोन जोड
वर्तमानपत्रात गुंडाळायला बसला.

मी पुन्हा फोन लावला.
चिखलात उतरू देतात का?
असं आजवर कुणी विचारलं नव्हतं, मॅडम.
शेठना विचारून सांगतो.

गोल अजून पेन्सिलचाच आहे.
बॅग दारामागे, चेन अर्धी उघडी.
फक्त डबीचं ठरत नाही.
ओळख पटवायला म्हणून न्यावी,
आणि वाकले की तीही