बदल नाही

मान जरा वर, डॉक्टर. हं, अशी.
काल रात्रभर जागे होतात;
कानाखालची शीर सांगतेय.

अकरा वर्षं झाली.
पहिल्या दिवशी तुम्ही माझे दात पाहिलेत,
जीभ, बुबुळं,
बाजारात घोडं पारखतात तसं.
मग ओल्या चादरीत चार तास गुंडाळून ठेवलंत
आणि वहीत लिहिलंत:
आलोइस झेलिंका, न्हावी. बायकोवर हात उगारला. धोकादायक.
उगारला, हे खरं. हातात वस्तरा होता, हेही.
पण मला समोर दिसत होती ती बायको नव्हतीच.
कोण, ते तुम्ही विचारलं नाहीत.
मीही सांगितलं नाही.

मग तो हिवाळा. मोरावा नदी काठोकाठ गोठली,
पलीकडच्या गावचा न्हावी येईना,
आणि एका पहाटे तुम्हीच या खुर्चीत बसून
कॉलरचं बटण सोडलंत.
दाराशी वेंदेलिन, पहारेकरी, पांढराफटक.
त्याला म्हणालात, "जा, कोळसा आण."
माझा हात थरथरला.
तुमच्या गळ्यातला आवंढाही वर गेला, तो खाली येईना.
पाणी गार आहे, असं कारण
दोघांनीही मान्य केलं.

तेव्हापासून रोज सकाळी सहाला
सम्राटाच्या तसबिरीखाली हा फेस.
जग केसाने गळा कापतं म्हणे.
मी आपला केसांपाशीच थांबतो.

तुमचा चेहरा मला पाठ आहे:
हनुवटीखालचा खड्डा,
बाईसाहेब गेल्या त्या आठवड्यात
तुम्ही वाढू दिलेली दाढी,
तिच्यात एकाएकी आलेला पांढरा पट्टा,
आणि हल्ली, बोलताना,
हा डावा गाल जरा मागे राहतो, तेही.

तुमची वही मी आरशात वाचतो.
उलटी अक्षरं वाचायची सवय असते आम्हाला,
दुकानाच्या काचेवरची पाटी आतूनच बघत आयुष्य गेलं.
दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तेच दोन शब्द:
बदल नाही.
अक्षर मात्र गेल्या पावसाळ्यापासून
ओळ सोडून खाली घसरतंय.

गाल कुणाला तरी दाखवा, डॉक्टर.
ब्रनोला असेल एखादा भला माणूस,
जो आधी दात बघणार नाही.

काय म्हणालात?
कोण होतं ते, त्या दिवशी?

अकरा वर्षांनी विचारताय,
आणि तेही वस्तरा नेमका इथे असताना.
बोलू नका. हलू नका.
इथली कातडी सैल झालीय,
बोटाने ताणून धरावी लागते.

हे एवढं होऊ दे.
सांगतो.