जागा

मिंदेलोच्या बंदरालगतच्या बारमध्ये
इव्हांद्रा ते गाणं म्हणते,
तेओफिलोचं.
तिला ठाऊकही नाही
की तो खांबाआड बसून शेंगा सोलतोय.

त्याने ते घाईत गायलं होतं.
स्टुडिओचं भाडं तासावर,
ड्रमवाल्याची बोट सुटायला आलेली.

ती मात्र ‘परत ये’च्या आधी थांबते.
एवढी थांबते, की बारवाला
नळ बंद करतो.

शब्द, चाल, सगळं त्याचं.
ही जागाही तिथेच होती
चाळीस वर्षं.
त्याला दिसली नव्हती.

रात्री घरी
तो जुनी तबकडी लावतो,
फिरत्या कडेवर बोट टेकवतो.
हळू. अजून हळू.
पोरसवदा आवाज घोगरा होत जातो,
म्हाताऱ्याचा होतो,
त्याचाच.