धरून ठेवणारी ओळ

मात्सुएत फेब्रुवारीत उजेड लवकर आटतो.
शिंपले काढणाऱ्यांच्या सोसायटीचं ऑफिस,
रॉकेलचा हीटर, वर किटली,
आणि हिशेबनीस मिचियो कादोवाकी, वय त्रेपन्न.
बोटींची डिझेलबिलं जुळवायला म्हणून
तिने स्क्रिप्टची एक छोटी भाषा शिकून घेतलेली.

भाषा गुणी. वरून खाली वाचत जाते,
शेवटची ओळ आली की पदर झटकून उठते.
पण खिडकी, बटण, चित्र, आवाज
हे सगळं मशीनच्या मूळ रहिवाशांच्या ताब्यात,
आणि त्यांचा कारभार निराळा:
तू हाका मारू नकोस, आम्ही मारू. तोवर बसून राहा.
मध्ये एक दुभाषा.
त्यांची लांबलचक नावं तो घोकतो, एकही कोलन न चुकता,
आणि नवल म्हणजे पलीकडून उत्तर येतं.

चार ओळींत खिडकी उघडली.
पाचवीत निशिओ म्हातारा आला,
हातात लांब दांड्याचं दाताळं,
मागे शिंजी तळ्याचं राखाडी पाणी.
'तळ खरवडायचा. मग हलवायचं. मग जे बारीक'

आणि गप्प.

कधी अकरा सेकंदांनी, कधी एकोणीस.
चूक झाली म्हणणारी एक ओळ नाही. खिडकी शाबूत.
म्हाताऱ्याचं तोंड तेवढं अर्धं उघडं.
टेप खराब असेल, म्हणून दुसरी लावली. तीही तशीच.
दुभाष्याला तिने अस्सल इझुमो बोलीत शिव्या दिल्या;
त्याला त्या येत नाहीत.

चौथ्या संध्याकाळी, किटली उतरवताना,
फडकं हातात तसंच राहिलं.
प्लेअर मागितला आपण, 'सुरू हो' म्हटलं,
पण त्याला नाव कुठे दिलं?
भाषेचा झाडूवाला फिरतीवर आला,
त्याने पाहिलं: याचं बोट कुणीच धरलेलं नाही.
उचललं, टाकलं. त्याचा काय दोष.
भर वाक्यात म्हातारा वाऱ्यावर.

तिने एक ओळ वाढवली.
ती मोजत नाही, छापत नाही,
काहीच करत नाही.
नुसती धरून बसते.

'मग जे बारीक,' निशिओ म्हणाला,
'ते आपोआप गळतं. गळू दे.
मुठीत आलं तरी सोड. अजून ते आपलं नाही.'
मग तो खोकला, आणि कॅमेऱ्यामागच्या कुणाला तरी विचारलं,
झालं का?

अजून चाळीस टेपा.
हीटरमधलं रॉकेल संपत आलंय.